नळी निघाल्यानंतरची दोन वर्षं

स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेतून माणूस वाचून घरी आला, की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. पोटावर टाक्यांची लांब रेघ नसते. डाव्या कुशीत नळीचं एक छिद्र असतं, आणि सगळं काम तोंडातून दुर्बीण घालून झालं असेल तर तेही नसतं. भेटायला आलेला शेजारी म्हणतो, "आप्रेशन त नाई झालं न, मंग कायले घाबरता?" या आजारात सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीनं होतं. जखम लहान ठेवण्यात डॉक्टरांना यश आलेलं असतं, पण आजार लहान झालेला नसतो. दवाखान्यात निम्मी लढाई झालेली असते. उरलेली निम्मी घरी, पुढची दोन वर्षं, बहुतेक वेळा मोठ्या डॉक्टरपासून लांब राहून लढायची असते.

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावाला हे लांबचं अंतर नेहमीचंच आहे. पोटात असह्य कळ, ती पाठीत शिरतेय, उलट्या थांबत नाहीत, अशा माणसाला आधी ग्रामीण रुग्णालयात नेतात. तिथून वाशीम, अकोला किंवा यवतमाळ, आणि लघवी कमी झाली, दम लागला, रक्तदाब उतरला की नागपूर. आठवडे, कधी महिने तिकडे जातात. मग एक दिवस जाडजूड फाईल आणि औषधांची पिशवी घेऊन माणूस परत येतो. त्या फाईलमध्ये काय लिहिलंय आणि त्याचा घरात काय अर्थ होतो, ते सावकाश पाहू.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं पडलेलं असतं. त्याची दोन कामं. जेवण पचवणारे रस तयार करून आतड्यात सोडायचे, आणि रक्तातली साखर सांभाळणारे इन्सुलिन व ग्लुकागॉन हे हार्मोन रक्तात सोडायचे. पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकला, दारूचा मारा झाला, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी हजाराच्या वर गेली, अशा कुठल्याही कारणानं पाचकरस आतच कामाला लागले की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. बहुतेकांची सूज आठवड्याभरात उतरते. साधारण पाचांतल्या एकाच्या बाबतीत मात्र ग्रंथीचा किंवा तिच्या भोवतालचा काही भाग मरतो. डॉक्टर त्याला नेक्रोसिस म्हणतात. मूत्रपिंड, फुप्फुस किंवा रक्ताभिसरण 48 तासांहून जास्त काळ निकामी राहिलं, तर 2012 साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणानुसार तो आजार तीव्र ठरतो. मेलेल्या भागात जंतू शिरले तर परीक्षा आणखी कठीण होते.

पूर्वी अशा वेळी पोट उघडून मेलेला भाग हातानं काढत. खूप रुग्ण त्या धक्क्यानंच खचत. नेदरलँड्समधल्या 19 रुग्णालयांनी 2005 ते 2008 या काळात 88 रुग्णांवर दोन पद्धती ताडून पाहिल्या. निम्म्यांचं पोट उघडलं. उरलेल्यांना आधी फक्त नळी घालून पू काढला, आणि भागलं नाही तरच नळीच्या वाटेनं, कुशीतल्या छोट्या छेदातून दुर्बिणीच्या मदतीनं मेलेला भाग काढला. या टप्प्याटप्प्याच्या उपचाराचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. मृत्यूंच्या संख्येत फारसा फरक नव्हता. पण मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू हे दोन्ही मिळून मोजले तर पोट उघडलेल्यांत ते 69 टक्के निघाले आणि टप्प्याटप्प्याच्या गटात 40 टक्के. शिवाय या दुसऱ्या गटातल्या 35 टक्के रुग्णांचं काम निव्वळ नळीवर भागलं. आता जगभर हीच रीत आहे. बहुतेक ठिकाणी प्रतिजैविकं देत चारेक आठवडे थांबतात, म्हणजे मेलेल्या भागाभोवती जाड भिंत तयार होते, आणि मग नळी किंवा जठरातून दुर्बीण.

आपल्या विषयाला जास्त महत्त्वाचं आहे ते त्याच रुग्णांचं पुढे काय झालं ते. 2019 साली त्यांचा सरासरी सात वर्षांनंतरचा हिशेब छापून आला. छोट्या छेदाचा फायदा टिकला होता. पोटाच्या जुन्या छेदातून हर्निया होणं 53 टक्क्यांवरून 23 टक्क्यांवर आलं, पाचकरस कमी पडणं 56 वरून 29 वर, मधुमेहासारखा साखरेचा बिघाड 64 वरून 40 वर. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूनंही वाचायला हवेत. सर्वांत चांगला उपचार मिळूनही दहांतल्या चौघांची साखर बिघडली, आणि साधारण तिघांना पचनाचे रस कमी पडले. पुन्हा सूज येण्याचं किंवा दुखत राहण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. आजारानं जे नेलं ते छोट्या छेदानं परत येत नाही. म्हणून पुढची देखरेख सर्वांनाच लागते.

पहिले काही आठवडे नळीचे. कुशीत नळी ठेवूनच घरी पाठवलं असेल तर तीन गोष्टी रोज वहीत लिहायच्या: किती मिलिलिटर आलं, रंग कसा, ताप किती. नळीत सलाईन सोडून ती धुवायला सांगितलेलं असतं, कारण मेलेल्या भागाचे तुकडे घट्ट असतात आणि नळी तुंबते. हात साबणानं धुवायचे, सांगितलं असेल तेवढंच सलाईन सिरिंजमध्ये घ्यायचं, हळू सोडायचं. जोर लागला, दुखलं, सलाईन आत गेलंच नाही, तर जबरदस्ती करायची नाही, फोन करायचा. सुरुवातीला येणारं पाणी तपकिरी, गढूळ असतं. पुढे ते निवळत जातं आणि कमी होतं. पण निवळलं तरी रोज भरपूर येतच राहिलं आणि नळीभोवतीची कातडी जळल्यासारखी लाल झाली, तर तो पू नसून स्वादुपिंडाचा रस असू शकतो, म्हणजे फिस्टुला, रस बाहेर गळण्याची वाट. त्या पाण्यातलं अमायलेज हे पाचकद्रव्य तपासलं की कळतं. अशा बऱ्याच वाटा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बुजतात, पण नळी कधी काढायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

एका रंगाला मात्र थांबायचं नाही, तो रक्ताचा. सुजेच्या रसानं शेजारच्या रोहिणीची भिंत खाल्ली जाऊन तिथे फुगा तयार होतो. तो फुटण्याआधी कधी कधी थोडंसं रक्त नळीत दिसतं, किंवा काळी शी होते, किंवा रक्ताची उलटी. रक्त थांबलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. त्याच दिवशी सीटी आणि रक्तवाहिनीतून फुगा बंद करण्याची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघायचं. मानोऱ्याहून तिथवर पोचायला तास लागतात, म्हणून रुग्णवाहिकेसाठी 108 चा फोन उद्यावर ढकलायचा नाही.

ज्यांचा उपचार जठरातून झाला त्यांना नळी दिसत नाही, आणि इथेच माझ्या मते सर्वांत मोठा धोका आहे. जठराची भिंत आणि आतल्या पोकळीची भिंत यांच्यामध्ये धातूचा रुंद स्टेंट बसवतात. त्यातून पू जठरात उतरतो आणि दुर्बीण आत जाऊन मेलेला भाग काढते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका डच अभ्यासात 98 रुग्णांत ही जठरातली वाट आणि कुशीतली वाट ताडली. मोठ्या गुंतागुंती दोन्हीकडे जवळपास सारख्या होत्या, पण बाहेर रस गळण्याचं प्रमाण जठरातल्या वाटेनं 5 टक्के तर कुशीतल्या वाटेनं 32 टक्के होतं. म्हणजे पद्धत चांगलीच आहे. पण पोकळी आटली की धातूचा स्टेंट समोरच्या भिंतीला घासू लागतो. तिथून रक्तस्राव होऊ शकतो, किंवा जठराची भिंत स्टेंटवर वाढून तो आत गाडला जातो. म्हणून साधारण तीन ते चार आठवड्यांत सीटी करून तो काढायचा असतो.

आता असा विचार करा. माणूस घरी आला, जेवू लागला, दुखत नाही. सोयाबीन सोंगायला आलंय किंवा तुरीला फवारणी करायचीय. नागपूरला परत जायचं म्हणजे दोघांचं भाडं, दोन दिवसांची मजुरी. अशा घरात स्टेंटची तारीख सहज मागे पडते. म्हणून फाईल हातात पडताच पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: स्टेंट कुठला (धातूचा की प्लॅस्टिकचा), कोणत्या तारखेला बसवला, कोणत्या तारखेपर्यंत काढायचा. तीच तारीख घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर. प्लॅस्टिकचे स्टेंट कधी कधी मुद्दाम वर्षानुवर्षं ठेवतात, कारण ग्रंथीचा मधला भाग मेल्यामुळे शेपटाकडच्या जिवंत भागाचा रस आतड्याकडे जाण्याची वाट तुटलेली असते. हा स्टेंट काढला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, पण तो मुद्दाम ठेवलाय की विसरून राहिलाय, हे कागदावर असायला हवं.

मग जेवण. रुग्ण म्हणतो, खातो चांगलं पण अंगी लागत नाही. शी फिकट, चिकट, घाण वासाची होते, पाण्यावर तरंगते, भांड्याला चिकटते, दिवसातून तीन-चार वेळा जावं लागतं. ही हवा बदलल्याची किंवा अशक्तपणाची लक्षणं नव्हेत. चरबी पचवणारा लायपेज नावाचा रस कमी पडतोय. शीतलं इलॅस्टेज मोजतात. शीच्या दर ग्रॅममागे 200 मायक्रोग्रॅमच्या खाली आलं की संशय पक्का. नमुना बहुधा बाहेरगावच्या लॅबला पाठवावा लागतो. लक्षणं स्पष्ट असतील तर तपासणीची वाट न बघताही डॉक्टर एन्झाईमच्या कॅप्सूल सुरू करतात.

या कॅप्सूल घेण्याची पद्धत चुकते आणि मग औषध लागू पडत नाही अशी तक्रार होते. उपाशीपोटी सकाळी एक, असं हे औषध नाही. भाकरीचा पहिला घास तोंडात गेला की कॅप्सूल, आणि मोठं जेवण असेल तर उरलेली अर्ध्या जेवणात. कॅप्सूल अन्नाच्या बरोबर आतड्यात पोचायला हवी. मोठ्या जेवणाला साधारण 25,000 ते 50,000 युनिट लागतात, दुधाला किंवा फराळाला त्याच्या निम्मे. नुसत्या काळ्या चहाला नको. आतले दाणे चावायचे नाहीत, नाहीतर जठरातल्या आम्लात ते वाया जातात आणि तोंडही सोलतं. आपल्याकडे आणखी एक अडचण: या रसांना उन्हाळा चालत नाही, डबी 25 अंशांखाली ठेवायला सांगतात. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जाणाऱ्या घरात पत्र्याखालच्या फळीवर ती ठेवू नये. आणि हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं, हे रुग्णाला आधी सांगायला हवं. न सांगता दिलं आणि पुढे कुणाकडून तरी कळलं की माणूस ते गुपचूप बंद करतो आणि वाळत जातो. आधी मोकळेपणानं सांगितलं तर बहुतेक जण घरात, आपल्या धर्मातल्या जाणत्यांशी बोलून निर्णय घेतात.

तेल-तुपाचा प्रश्न हमखास येतो. पूर्वी अशा रुग्णाला आयुष्यभर उकडलेलं खा म्हणत. आता तसं सांगत नाहीत. कॅप्सूल बरोबर चालू असेल तर साधं घरचं जेवण, तुरीचं वरण, भाकरी, भाजी, अंडं, दूध, दही, शेंगदाणे हे सगळं चालतं, आणि वजन भरून यायचं असेल तर ते लागतंच. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खावं. तर्रीदार रस्सा आणि तळण सुरुवातीचे काही महिने टाळावं. ज्यांची सूज ट्रायग्लिसराइडमुळे आली त्यांना मात्र तेल-तूप, साखर आणि दारू कायमची मोजूनच. चरबीबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही शोषली जात नाहीत, म्हणून ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी डॉक्टरांना आठवणीनं विचारावी.

साखरेचं तसं नाही, ती लक्षणांशिवाय चढते. पहिल्या वर्षात साधारण सातांतल्या एकाला नव्यानं मधुमेह होतो, आणि पुढच्या वर्षांत हे प्रमाण वाढत जातं. घरी आल्यावर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी तपासायला हवी. साखरेची साधी तपासणी ग्रामीण रुग्णालयात होते, त्यासाठी शहर गाठायची गरज नाही. मात्र हा मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखा वागत नाही. इन्सुलिनबरोबर ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशीही मेलेल्या असतात, त्यामुळे साखर उतरली की तिला सावरणारा आतला हात कमजोर असतो. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन एकादशी केली, रोजा धरला, किंवा पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत उन्हात चालत राहिलं आणि जेवण लांबलं, तर घाम, थरथर, भोवळ. खिशात गूळ-साखरेची पुडी असलीच पाहिजे, आणि उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. गावातल्या डॉक्टरांना हा मधुमेह कशानं झाला ते आवर्जून सांगावं, कारण साखर खाली ढकलणाऱ्या काही नेहमीच्या गोळ्या इथे जास्त जपून द्याव्या लागतात. इन्सुलिनची चालू बाटली घरात फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवता येते.

ताकदीचं एवढंच सांगतो की ती सावकाश येते. आयसीयूत पंधरा दिवस झोपलेल्या माणसाच्या मांड्या वितळलेल्या असतात. केस गळतात, झोप लागत नाही, दवाखान्यातल्या यंत्रांचे आवाज स्वप्नात येतात, आणि कर्त्या माणसाला बायको-पोरांवर विसंबून राहण्याची लाज वाटते. हे नेहमी घडतं, यात वेडेपण काही नाही, आणि त्यावर उपचार आहेत. रोज अंगणातून सुरू करून रस्त्यापर्यंत चालणं वाढवावं. पोतं उचलणं, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणं डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. बहुतेक रुग्ण काही महिन्यांत कामावर परततात, पण एका हंगामावर पाणी सोडायची तयारी घरानं ठेवावी.

मधल्या काळात जेवताच पोट गच्च होऊन उलटी झाली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा जुनी कळ परतली, तर आत पुन्हा पाणी साठलं असेल किंवा सुजेनं आतडं वा पित्तनळी दाबली असेल. सीटी करावा लागतो. प्लीहेकडून येणारी नीला सुजेत गोठली असेल तर जठरात फुगीर शिरा तयार होतात. अशांनी काळी शी झाल्यास तासाचाही उशीर करू नये.

आणि मूळ कारण. पित्ताचे खडे असतील तर पोटातलं पाणी आटल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, पित्ताशय काढून घ्यायलाच हवं. बरं वाटतंय म्हणून ते टाळणारे लोक पुन्हा त्याच कळेनं त्याच रस्त्यानं जातात. बिडी-सिगारेट स्वादुपिंडाला स्वतंत्रपणे घातक आहे, तीही सुटायला हवी.

दारूबद्दल दवाखान्यातून निघताना एक वाक्य सांगितलं जातं: आता पिऊ नका. ते वाक्य खरं आहे, पुरेसं नाही. फिनलंडमधल्या टॅम्पेरे शहरात दारूमुळे पहिल्यांदा सूज आलेल्या 120 रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. सर्वांना दवाखान्यात एकदा समजावलं. निम्म्यांना त्यानंतर दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं, परत बोलावून पुन्हा समजावलं. एकदाच समजावलेल्यांपैकी 13 जणांना पुन्हा सूज आली, परत परत समजावलेल्यांपैकी 5 जणांना. औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. परिचारिका होती आणि अर्धा तास होता. हा उपचार मानोऱ्यात करायला नागपूरची वाट धरावी लागत नाही. रुग्णाला साखर तपासायला सहा महिन्यांनी ग्रामीण रुग्णालयात यायचंच आहे. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यानं किंवा सिस्टरनं त्याला बाजूला बसवावं, सोबत बायकोला, आईला किंवा मोठ्या भावाला घ्यावं, मागचे सहा महिने कसे गेले ते रागावल्याशिवाय विचारावं, पिण्यात आलं असेल तर कधी आणि कुणाबरोबर तेही विचारावं, आणि पुढच्या सहा महिन्यांची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर, स्टेंटच्या तारखेखाली, लिहून द्यावी.